टकटक

पेशंटला हात लावण्याआधी ती त्याच्या पलंगाच्या दांडीवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायची. टक, टक. मग थांबायची. पेशंटनं मान वळवली की विचारायची, "येऊ का?" वॉर्डातल्या पलंगाला दार नसतं. पडदा असतो, तोही बहुधा मधेच अडकलेला. पण ही पोरगी प्रत्येक पलंगापाशी उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी राहिल्यासारखी उभी राहायची. एकदा मी म्हटलं, "अगं, तो गुंगीत आहे. तुला 'ये' कोण म्हणणार?" तर म्हणाली, "मॅडम, घरात कोणी नसलं तरी आपण वाजवतोच ना."

तिचं खरं नाव प्रज्ञा. मी तिला टकटक म्हणायला लागले आणि आठवडाभरात अख्खा वॉर्ड म्हणायला लागला. तिला राग आला नाही. राग येण्याएवढी फुरसत त्या शिकाऊ मुलींना नसेच.

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे एकसष्ट वर्षांची. सरकारी दवाखान्यात जन्म घालवून रिटायर झाले होते, आणि घरी बसून सुनेला आमटीबद्दल सल्ले देत होते. सून गुणी. ती मला उलट बोलली नाही, फक्त पेपरातली जाहिरात कापून माझ्या चष्म्याखाली ठेवली. मुलुंडच्या एका खाजगी हॉस्पिटलला शिकाऊ मुलींवर लक्ष ठेवायला अनुभवी नर्स हवी होती. योजना नवी होती. बारावी झालेल्या मुलीनं आठवड्यातले थोडे दिवस कॉलेजात बसायचं, बाकीचे दिवस वॉर्डात काम करायचं, थोडा पगार घ्यायचा, आणि चार वर्षांनी हातात नर्सिंगची पदवी. ॲप्रेंटिसशिप डिग्री. नोकरी आणि कॉलेज एकमेकांना बांधलेले, शेपटीला शेपटी बांधलेल्या दोन मांजरांसारखे. ही उपमा मला आता सुचते आहे. तेव्हा मला ती योजना झकास वाटली होती.

मला गळ्यात अडकवायला एक बिल्ला मिळाला. त्यावर माझा फोटो आणि खाली 'क्लिनिकल ट्यूटर'. आयुष्यभर 'ओ सिस्टर' ऐकलेली बाई एकदम ट्यूटर झाली. मी केस काळे केले. ओठांना लावायला काहीतरी आणलं, ते सुनेनं पाहिलं आणि काही बोलली नाही, हे त्याहून वाईट. पहिल्या दिवशी मुलींना सांगितलं, मला मॅडम म्हणायचं. बिल्ला मी बसमध्येसुद्धा काढत नसे. शेजारच्या बाईनं विचारावं म्हणून तो पुढे ओढून बसायचे. कोणी विचारलं नाही.

वाजवायची सवय कुठून लागली, ते टकटकनं मला पोळीभाजी खाताना सांगितलं होतं. ती वाकोल्याची. घर एका खोलीचं, माणसं पाच. बाप शाळेची बस चालवायचा, आई मरोळला खोकी भरायच्या कामाला. "आमच्याकडे दार दिवसभर उघडंच," ती म्हणाली. "शेजारची काकू थेट आत येते, डब्यातली साखर घेते, जाते. मी मोरीत असले तरी. भाऊ येतो, त्याचे मित्र येतात. मला लहानपणी फार वाटायचं, कोणीतरी एकदा माझ्यासाठी वाजवावं. मग इथं आले, तर ही माणसं बघितली. पायजमा सुटलाय, नळी लावलीय, आणि आपण सरळ चादर ओढतो."

मी म्हटलं, "आमच्या वेळी असले लाड नव्हते."

"तुमच्या वेळी पेशंटला लाज नव्हती का, मॅडम?"

ती अशी होती. बोलायची हळू, पण शब्द टोकदार.

त्या मुलींचा गणवेश पांढरा, आणि त्यावर निळा एप्रन. निळा एप्रन म्हणजे शिकाऊ. शिकाऊ मुलीनं एकटीनं सुई टोचायची नाही, एकटीनं औषध द्यायचं नाही, शेजारी पक्की नर्स उभी हवी. नियम भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला होता. पण त्या पुरुषांच्या वॉर्डात दुपारच्या पाळीला पक्क्या नर्स कधी पुरेशा नसायच्याच. मग इन्चार्जबाई, म्हणजे वॉर्डाची मुख्य नर्स, तोंडात पेन धरून, कोणाकडेही न बघता म्हणायच्या, "एप्रन काढ." बस, एवढंच. मुलगी एप्रन काढून घडी करून कपाटात ठेवायची आणि त्या क्षणी पक्की नर्स व्हायची. चार वर्षांचं शिक्षण दोन गाठी सोडल्या की पूर्ण. इन्चार्जबाई दुष्ट नव्हत्या. बदलापूरहून यायच्या, पायाच्या शिरा सुजलेल्या, वर माणसं मागून मागून थकलेल्या. वरून एकच उत्तर यायचं, मुली दिल्यात ना तुम्हाला.

टकटक म्हणायची, "मॅडम, आम्ही कामाला स्टाफ, पगाराला स्टुडंट, आणि कँटीनमध्ये पाहुण्या. पाहुण्यांना उरलेलं देतात ना, तसं." बाकीच्या मुली हसायच्या. ती स्वतः हसायची नाही. डब्याचं झाकण लावायची आणि उठायची.

पण खरं सांगते, एप्रन काढायला तिला आवडायचं. एप्रन असला की नातेवाईक तिला 'ए मुली' म्हणायचे. निघाला की 'सिस्टर'. पहिल्यांदा एका म्हाताऱ्यानं तिला 'सिस्टर, पाणी देता का' म्हटलं, तेव्हा तिचे कान लाल झाले होते. पाणी देऊन आली ती तशीच तांब्या हातात घेऊन उभी. मी हसले नाही. मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या दवाखान्यात एक हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर होता. मी त्याच्यासाठी झुरत होते आणि त्याला माझं नावही माहीत नव्हतं. एकदा ड्रेसिंग करताना तो हात पुढे करून म्हणाला, "सिस्टर, बोळा." कापसाचा बोळा. मी महिनाभर जमिनीवर पाय ठेवला नाही. हॉस्टेलवर मुलींना सांगितलं, त्याचा आवाज वेगळाच होता. त्याच माणसासमोर पुढच्या आठवड्यात मी एका उघड्या जखमेकडे बघून चक्कर येऊन पडले, ती नेमकी ट्रेमध्ये. तो म्हणाला, "हिला उचला, ट्रे परत लावा." त्याला ट्रेची काळजी होती, आणि ते बरोबरच होतं. तेव्हा 'सिस्टर' या शब्दाची नशा काय असते, ते मला कोणी शिकवू नये.

वॉर्डात सगळे नंबरानं बोलतात. बाराला ताप, चारला घरी सोडा, नऊला बेडपॅन. टकटक नंबरानं बोलायची नाही. ड्यूटीवर आली की आधी पलंगापलंगाशी जाऊन नाव विचारायची. इन्चार्जबाई वैतागायच्या. "नावं कशाला हवीत गं? लग्नाला बोलवायचंय?" टकटक म्हणायची, "नंबर तर लॉकरला पण असतो, ताई." एकदा राउंडला मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं, "सात नंबरची शुगर किती?" ही म्हणाली, "वाघमारेकाकांची ना, सर?" मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू लॉकरच बोललं.

या मार्गाशिवाय तिला दुसरा मार्ग नव्हता, हे इथं सांगायला हवं. चार वर्षं नुसतं शिकायला घरात परवानगी नव्हती. परवानगी बापानं नाकारली नव्हती, परिस्थितीनं नाकारली होती. कमावत शिकायची ही एकच योजना तिला सापडली होती, आणि तिची गल्लीतली पहिली नर्स व्हायची तयारी चालली होती. पुस्तक वाचायला जागा नाही म्हणून ती सकाळी बापाच्या रिकाम्या बसमध्ये बसून अभ्यास करायची. पोरं घेऊन बस शाळेशी पोचली की उतरून कामावर यायची. "मागच्या सीटवर बसते, मॅडम," ती म्हणायची. "पहिलीतली पोरं चढली की मला टीचर समजतात आणि गप्प बसतात. बाबा म्हणतात, तू रोज येत जा."

माझ्या तासाला मी एक वाक्य सगळ्या मुलींकडून पाठ करून घेतलं होतं. चूक झाली तर आधी तोंड उघडा, मग रडा. आमच्या मोठ्या सिस्टरनं ते आम्हाला दिलं होतं. मी हात वर करून, बिल्ला हलवत, नाटकातल्यासारखं म्हणायचे. लपवलेल्या चुकीनं माणूस मरतो, सांगितलेल्या चुकीनं वाचतो. मुली वहीत उतरवायच्या. टकटकनं हात वर केला. "मॅडम, तोंड उघडल्यावर रडायला वेळ देतात का?" मी म्हटलं, "देतात, देतात. खरं बोलणाऱ्याला हे क्षेत्र सांभाळून घेतं." एकसष्ट वर्षांची बाई हे बोलली. केस काळे केले की मागची अक्कलही धुऊन निघते बहुतेक.

तिचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. परीक्षेसाठी त्या मुली आठवडाभर कॉलेजातच होत्या. शेवटचा पेपर देऊन ती थेट दुपारच्या पाळीला आली, तेव्हा वॉर्डातले बहुतेक पेशंट तिला नवे होते. खिडकीपाशी नऊ नंबरला परबकाका होते. म्हातारे मालवणी, गिरणी बंद पडल्यावर भांडुपला वॉचमन झालेले. छातीतल्या कफासाठी भरती. कानानं ठार बहिरे. कानातलं मशीन सुनेनं दुरुस्तीला नेलेलं. शेजारी दहा नंबरला दळवी, साखरेचा पेशंट. हॉस्पिटलच्या एका ट्रस्टींचे व्याही. खोली रिकामी नव्हती म्हणून त्यांना एक दिवस वॉर्डात ठेवलं होतं, आणि त्यांच्या मुलीला वडिलांसाठी खिडकी हवी होती.

दुपारी वरून फोन आला आणि दोघांची अदलाबदल झाली. दळवी नऊला खिडकीपाशी, परबकाका दहाला. पण संध्याकाळच्या खाण्याआधीची इंजेक्शनं त्याआधीच भरून ट्रेमध्ये तयार होती, आणि प्रत्येक सिरिंजला चिकटपट्टीवर पलंगाचा नंबर लिहिलेला होता. सगळ्या वॉर्डात असंच करतात, करू नये हे माहीत असून करतात. दहाच्या सिरिंजमध्ये दळवींचं इन्सुलिन होतं. पक्की नर्स एकच, ती एका उलटी झालेल्या पेशंटकडे अडकली. इन्चार्जबाई फोनवर. टकटक नुकतीच आली होती, पलंगापलंगाशी नावं विचारायला निघणार, तोच त्यांनी ट्रे पुढे सरकवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "एप्रन काढ आणि फिर."

मी तिथंच होते, वॉर्डाच्या टोकाला, दुसऱ्या दोघींना बँडेज शिकवत. मी ते ऐकलं. रोज ऐकायचे. ती दहाला गेली ते मी पाहिलं. तिनं दांडी वाजवली. परबकाकांना ऐकू आलं नसणार, पण लोखंड हललं तशी त्यांनी मान वळवली. त्यांच्या मनगटावरचा नावाचा पट्टा सकाळी सलाईन बदलताना कापला होता आणि नवा यायचा होता. ट्रेमधल्या यादीत दहापुढे अजून दळवींचंच नाव होतं. तिनं विचारलं, "दळवीकाका ना?" आणि परबकाका तोंडभर हसून म्हणाले, "होय गो, बाय." ऐकू न येणारी माणसं प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात. पुन्हा पुन्हा 'काय, काय' विचारलं की पोरं चिडतात, हे त्यांना घरी शिकवलेलं असतं.

थोड्या वेळानं ती ताप बघायला परत फिरली, तेव्हा परबकाकांना दरदरून घाम फुटला होता. हात थरथरत होते आणि ते तिला त्यांच्या गिरणीतल्या कुणाच्या तरी नावानं हाका मारत होते. तिनं नऊच्या पलंगाकडे पाहिलं. खिडकीपाशी पडलेला माणूस म्हणत होता, "माझं इन्सुलिन कधी देणार?" मी तिचा चेहरा पाहिला. ती वॉर्डाच्या मधोमध आली आणि डॉक्टरांना, इन्चार्जबाईंना, मला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दहाला इन्सुलिन दिलंय. मी दिलं. त्यांचं नव्हतं."

आधी तोंड उघडा. तिनं उघडलं. ती बोलली नसती तर ते म्हातारपणाचं बरळणं आहे, ताप डोक्यात गेलाय, असं म्हणत आम्ही कितीतरी वेळ घालवला असता. डॉक्टरांनी लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. तासाभरात परबकाका उठून बसले होते आणि चहात बिस्कीट बुडवून खात होते. टकटक स्टोअरमध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "वाचवलंस तू त्यांना." आणि मला तेव्हा मनापासून वाटलं की गोष्ट इथं संपली.

चौकशी वरच्या मजल्यावर झाली. समोसे होते. इन्चार्जबाईंना विचारलं, शिकाऊ मुलगी एकटी इंजेक्शन देत का फिरत होती? त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं. तिला एप्रन काढायची हौसच आहे. सिस्टर म्हटलेलं आवडतं तिला." यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून पहिलंही खरं ठरलं.

मी उभी राहिले. बिल्ला सरळ केला. म्हटलं, "मी स्वतः ऐकलं. 'एप्रन काढ आणि फिर.' या वॉर्डात हे रोज म्हणतात. पलंग बदलले ते कुणाच्या फोनवरून, तेही विचारा." फार छान बोलले मी. घरून आरशासमोर म्हणून आले होते. मला वाटलं, आता खोलीत शांतता होईल आणि कोणीतरी मान खाली घालेल. शांतता झाली खरी. मग हॉस्पिटलच्या मेट्रन हसून म्हणाल्या, "मॅडम, तुमचा जीव आहे मुलींवर, आम्हाला कळतं. समोसा घ्या ना." बाकीच्या शिकाऊ मुलींना विचारलं, तर त्या बुटांकडे बघत होत्या. त्यांना दोष देत नाही. त्यांची पण पदवी त्याच खुंटीला बांधलेली होती.

परबकाकांना कोणी विचारलंच नाही. पेशंट गोंधळलेला होता, म्हणून त्याचं धरायचं नाही, असं ठरलं. त्यांना घरी सोडताना मी त्यांच्यापाशी गेले. कानातलं मशीन परत आलं होतं. त्यांना सगळं माहीत होतं, वॉर्डातल्या पेशंटांना सगळंच माहीत असतं. म्हणाले, "त्या चेडवान माका इचारलेला. माकाच आयकाक येवक नाय. तेका कशाक बोलतत?" मी म्हटलं, हे वर येऊन सांगाल का? ते लगेच उठले, चपला शोधायला लागले. त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी खाली उभी आहे. कशाला आपल्याला भानगडी." आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेला.

टकटकला हॉस्पिटलनं काढलं, आणि काम गेलं म्हणून कॉलेज गेलं. कॉलेजनं सांगितलं, ज्या मुलीला हॉस्पिटल नाही तिला जागा नाही. दुसऱ्या हॉस्पिटलनं सांगितलं, ज्या मुलीला एका हॉस्पिटलनं काढलं तिला आम्ही कशी घेणार. सगळेच नियमाप्रमाणे बोलत होते. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत ती पास झाल्याचं तिला काढल्यानंतर कळलं.

मी वाकोल्याला तिच्या घरी गेले. तीन वर्षांपूर्वी गल्लीतल्या मुलांनी तिच्या कौतुकाचा फ्लेक्स लावला होता, 'आमच्या विभागाची भावी परिचारिका', शेजारी सगळ्या शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले फोटो. तो फ्लेक्स आता पाण्याच्या ड्रमांवर ऊन लागू नये म्हणून बांधला होता, उलटा. बाप मला म्हणाला, "बसा मॅडम." मग म्हणाला, "तिला खोटं बोलायला आम्हीच शिकवलं नाही. चूक झाली." आई म्हणाली, "अहो, त्या चहा घेतायत." टकटक मोरीपाशी कपडे धूत होती. तिनं वळून पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा धुवायला लागली.

वर्ष संपल्यावर माझंही काम संपलं. मला फुलांचा गुच्छ मिळाला आणि 'आता नातवंडांत रमा' असा सल्ला. मी रमले. केस पांढरे होऊ दिले. आमटीबद्दल बोलत नाही.

गेल्या वर्षी आमच्या वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, दिंडोशीला घरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं, वर साखर. मुलगा-सून नोकरीवर. दिवसभराला नर्सिंग ब्युरोकडून बाई लावली. मी मदतीला म्हणून आठ दिवस राहायला गेले, म्हणजे वन्संच्या बडबडीचा वाटा उचलायला. बेल वाजली, दार उघडलं, तर टकटक. अंगानं भरली होती. केसांत एक-दोन पांढरे. गळ्यात ब्युरोचं कार्ड, त्यावर 'पेशंट केअर'. आम्ही दोघी उंबऱ्यात तशाच उभ्या. मग तीच म्हणाली, "आत घ्या मॅडम, लिफ्टवाला बघतोय."

कामाला ती तशीच होती. वन्संना कुशीवर वळवायची तर आधी सांगून, मग वळवून, मग पाठीला उशी लावून. वन्सं तिच्यावर खूष. वन्सं कुणावर खूष होणं म्हणजे आमच्या घरात वर्षश्राद्धाइतकं क्वचित. सकाळ-संध्याकाळचं इन्सुलिन सून द्यायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी संध्याकाळी सुनेचा फोन आला, मेट्रो बंद पडलीय, उशीर होईल. वन्संना भूक लागली होती. त्या म्हणाल्या, "मग ही देईल की. सिस्टर आहे ना ती?"

"नाही आजी," टकटक म्हणाली. "मी ब्युरोची बाई आहे. मी सुईला हात लावत नाही."

"म्हणजे काय? एवढं सगळं करतेस आणि टोचायला येत नाही?"

"येतं. लावत नाही."

वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही काय तऱ्हा?" मी उठले. फ्रीजमधून इन्सुलिन काढलं, भरलं, वन्संच्या पोटाची घडी धरली आणि टोचलं. माझा हात पूर्वीसारखा राहिला नाही, थोडा हलला. वन्सं ओरडल्या, "तुझ्यापेक्षा डास बरे." टकटक तोवर ताट वाढून उभी होती. तिनं वन्संना एकेक घास भरवला, शेवटचा भात संपेपर्यंत उठली नाही, आणि नंतरही त्यांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. वन्संना वाटलं माया आहे. ती घाम बघत होती.

वन्संचा डोळा लागल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. मी म्हटलं, "अगं, सर्टिफिकेट नाही म्हणून सुई धरत नाहीस? घरात कोण बघायला येतंय? ब्युरोच्या सगळ्या बायका देतात."

"सर्टिफिकेटचं नाही, मॅडम."

"मग?"

तिनं कप खाली ठेवला. "पुन्हा चुकलं तर मी सांगेन का, हे मी रोज स्वतःला विचारते. एखाद्या दिवशी उत्तर हो येतं. एखाद्या दिवशी नाही येतं." ती उठली, दोन्ही कप विसळले, पालथे घातले. "ज्या दिवशी नाही येतं, त्या दिवशी माझ्या हातात सुई असली तर?"

तिची वेळ झाली होती. तिनं ओढणी घेतली, मला वाकून नमस्कार केला. लिफ्ट वर यायला वेळ लागत होता, म्हणून ती जिन्यानं उतरली.